सुबाभळीच्या फांद्या कोणी टाकल्या?

ये गा बाबा, असा जवळ ये. दूर काहून उभा आहेस? तुझं नाव मला ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही, पण गेले काही आठवडे मनातल्या मनात तुझ्याशी इतकं बोलले आहे, की आता तुझ्यावर रागवायचाही हक्क आला असं वाटतं. अमरावती रोडवरून गोदामांकडे वळणाऱ्या रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकवर एक स्कूटी आदळली, तेव्हा तू हातातली सायकल टाकून धावलास. पडलेल्या बाईच्या अंगावर मागून आणखी गाडी येऊ नये, म्हणून कडेच्या सुबाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यात टाकल्यास. चांगलं केलंस, तुझ्या लेकराबाळांचं भलं होवो. पण पोलिसांची गाडी दिसताच निघून काहून गेलास? त्या बाईचं नाव सुशीला. ती त्याच रात्री गेली. आज तुला तिच्याबद्दल सांगायचं आहे, आणि पेपर वाचणाऱ्या बाकीच्यांनीही ऐकावं.

सुशीला अमरावती रोडवरच्या वाडीला, माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. पारशिवनीकडची, शेतकऱ्याघरची. नवरा तापाने गेला तेव्हा तिची मुलगी अश्विनी शाळेत होती. सगळे म्हणाले, माहेरी परत जा. ती गेली नाही. गोदामातल्या हमालांना आणि ट्रक ड्रायव्हरांना डबे पुरवू लागली… आधी पायी, मग सायकलवर, आणि चाळिशी उलटल्यावर बाई स्कूटी शिकल्या! रविवारी गोदामाच्या रिकाम्या अंगणात हमालच तिला शिकवायचे. "सुशीलाबाई, ब्रेक! ब्रेक दाबा!" ते ओरडायचे आणि ही हॉर्न दाबायची. एकदा सरळ पोत्यांच्या थप्पीत घुसली. हमाल हसून हसून खाली बसले. ही उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "दात काय काढून राहिले? उद्या वरणात पाणी टाकतो का नाही पाहा, मग हसजा."

पण एकदा हात बसला, तेव्हा तिच्याइतकी सांभाळून गाडी चालवणारी बाई मी पाहिली नाही. उभ्या ट्रकच्या डाव्या अंगाला ती कधी थांबायची नाही. म्हणायची, "आरशात आपण त्याले दिसत नाही ताई, मग तो आपल्याले कसा वाचवंल?" आणि डब्याचा तिचा एक कायदा होता. जेवून झोपणाऱ्याला भात पोटभर, जेवून लगेच गाडी काढणाऱ्याला भाताचा दाणा नाही, नुसत्या पोळ्या. परप्रांतातले ड्रायव्हर हैराण व्हायचे. "अम्मा, चावल किधर है?" "सोएगा तो मिलेगा." "मालिक फोन पे फोन कर रहा है, अम्मा." "ला इधर फोन." आणि खरंच फोन घेऊन मालकाला म्हणाली होती, "साहेब, याचे डोळे लाल झाले आहेत. माल दोन घंटे थांबते, झोप नाही थांबत." डबा हातात देण्याआधी ती ट्रकच्या मागे एक चक्कर मारायची. लाल रेडियमची पट्टी चिखलाने माखली असेल, तर पुसल्याशिवाय डबा नाही. मी म्हणायची, "काहून लोकांच्या गाड्या तपासत फिरते वं? तू काय आरटीओ आहेस?" तर म्हणे, "मले त्याच रस्त्यानं घरी याचं राहते ना."

त्या दिवशी त्याच रस्त्याने ती घरी येत होती. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर धूळ आणि धुराचा पडदा. रिकामे डबे मागे बांधलेले. मला फोन आला आणि मी जशी होते तशी दवाखान्यात पोचले. हेल्मेट होतं, डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मार पोटात बसला होता. तिने माझा हात धरला. बोटं थंड… "ताई, दिवाच नव्हता वं त्याले. मागं काहीच नव्हतं. समोरून गाडीचा झोत आला डोळ्यावर, आन् मग एकदम ट्रकचा फाळकाच दिसला." मी म्हटलं, बोलू नको. ती कुठं ऐकते! "मी पडल्यावर एक माणूस आला. एकटाच फांद्या तोडून राहिला होता. त्याच्या हाताले लागलं असंल, पाहा बरं त्याले…" तेवढ्यात तिला आत नेलं. अश्विनी धापा टाकत आली तेव्हा दार बंद झालं होतं. आम्ही दोघी त्या दाराकडे पाहत बसलो. मग डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच मला कळलं.

तेरवी झाली आणि ट्रकमालकाचा माणूस फळं घेऊन घरी आला. गोड बोलत होता. "मावशी, झालं ते वाईट झालं. पण आमची गाडी उभी होती. उभी गाडी कोणाले मारते का?" मी म्हटलं, "बाबू, अंधारात बिनदिव्याची उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा वाईट." त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पोलिसांनी नंतर काढलेला फोटो. ट्रकच्या मागे रस्त्यावर हिरव्यागार फांद्या. "हे पाहा. आमच्या ड्रायव्हरनं आधीच फांद्या टाकल्या होत्या. बाईनंच पाहिलं नाही."

"ड्रायव्हरनं टाकल्या, तर मग तो गाडी सोडून पळाला काहून?"

"भ्यायला, मावशी. माणूसच आहे."

"आणि मागं रस्त्यावर ठेवायचं नियमाचं लाल तिकोण? तेही भिऊन पळालं का?"

अश्विनी चहाचा कप घेऊन मध्येच उभी होती, तिच्याकडे वळून तो म्हणाला, "आपसात मिटवून टाका, बेटा. कोर्टात आईचीच चूक निघाली, तर जनमभर तुलेच ऐका लागंल." मी फळांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं. पण तो बोलून गेला ते घरातच राहिलं. संध्याकाळी अश्विनी तवा घासत होती. पाठ माझ्याकडे. घासता घासता थांबली आणि म्हणाली, "काकू, मीच आईला फोन केला होता, लवकर ये म्हणून. तिनं घाई केली असंल का? फांद्या असतील, आणि माझ्यामुळं तिचं लक्ष नसंल…" सुशीला दवाखान्यात जे बोलली तेही धरून मी हजार गोष्टी सांगितल्या. तिने ऐकल्या आणि पुन्हा तवा घासायला लागली. तवा केव्हाचा स्वच्छ झाला होता.

आमच्या वकीलबाई समजूतदार आहेत. त्यांच्याकडून मी शिकले ते वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण हे कोणावरही येऊ शकतं. भरपाईचा दावा म्हणजे भीक नव्हे, मागे राहिलेल्यांचा हक्क आहे. तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. डबे करणाऱ्या बाईची कमाई हीसुद्धा कमाईच धरतात. फळं घेऊन येणाऱ्याच्या कागदावर दुःखाच्या भरात सही करू नये. गाडी बंद पडली तर मागचे दिवे लावणं आणि तिकोण ठेवणं ड्रायव्हरचं काम, फांद्यांनी ते भागत नाही. "पण," वकीलबाई म्हणाल्या, "फांद्या आधी होत्या असं धरलं, तर थोडा दोष सुशीलाबाईंवर टाकतील. आणि भरपाई त्या मानाने कापली जाईल. त्या तुम्हाला जे बोलल्या तेवढ्यावर भागेल याचा भरवसा नाही. पाहणारा कोणी आहे का?" तिला दवाखान्यात नेणारा ऑटोवाला भला माणूस आहे, पण तो पोचला तेव्हा फांद्या पडलेल्याच होत्या. त्याला एवढंच आठवतं, की एक माणूस येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत मधोमध उभा होता. वय झालेला, कानाला रुमाल बांधलेला, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. म्हणजे तू.

मग मी त्या वळणावर जाऊन बसू लागले. दिवेलागणीला, टपरीच्या बाकावर. सायकलवाला दिसला की उठायची. "बाबा, फांद्या तूच टाकल्या होत्या का?" कोणी मला वेडी समजलं, कोणी हळहळलं. एक जण थबकला. कानाला रुमाल होता. माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले… आणि खाली मान घालून जोराने पायडल मारत निघून गेला. मागून ट्रक आला, धूळ उडाली, मग काही दिसलं नाही. तू होतास का रे तो?

भिऊ नको. तुझी भीती मला समजते. आपल्याकडे मदत करणाऱ्यालाच पोलीस बसवून ठेवतात, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. आता तसं नाही. वकीलबाईंनी मला दोनदा समजावून सांगितलं. जखमीला मदत करणाऱ्यावर गुन्हा लावता येत नाही, नाव सांगायचं का नाही हीही त्याचीच मर्जी. साक्ष द्यायला आपणहून तयार झाला, तर त्याच्या सोयीने विचारतात, पुन्हा पुन्हा बोलवत नाहीत. तू तर जीव वाचवायला फांद्या तोडल्या होत्यास. त्याच फांद्या मेलेल्या बाईच्या माथी मारताहेत, हे तुला कोणी सांगितलं नसेल. म्हणून मी सांगते आहे.

आणि समज, एवढं सांगूनही कोर्टाची पायरी चढायचा धीर नाही झाला. राहू दे. तरी ये. वाडीला येऊन डबेवाल्या सुशीलाबाईंचं घर विचार, कोणीही दाखवेल. अश्विनीच आता डबे करते. मीठ कधी जास्त पडतं, मनावर घेऊ नको. जेवायला ये. आणि जेवण झालं की त्या पोरीसमोर बसून एवढंच म्हण, की मी पाहिलं, बाई, आधी तिथं काहीच नव्हतं. मी सांगून तिला पटत नाही. तुझं ऐकेल. लवकर ये गा.