पट्टीवरचा शेक आणि आईचा फोन

आधीच सांगतो, खाली कमेंटमध्ये कुठल्याही महाराजांचा नंबर टाकू नका. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, एकवीस वर्षं झाली. अमक्याकडे दिवा आपोआप लागतो असं कोणी सांगितलं की मी टेस्टर घेऊन जातो, आणि आजवर दर वेळी लूज वायरच निघालीय. इथले अनुभवही मी वाचायचो ते चुका काढायला. आता स्वतःच लिहायला बसलोय, याचाच मला जास्त राग येतोय.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. आई मूळची सटाण्याकडची, बोली अहिराणी, वय बहात्तर. घशाच्या कॅन्सरमुळे दीड वर्षापूर्वी तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती श्वास घेते तो गळ्याला ठेवलेल्या भोकातून. आवाज नाही म्हणजे अजिबात नाही, कुजबुजसुद्धा नाही. टाळी वाजवून बोलावते आणि वहीत लिहून बोलते. तरी लोक विचारतातच, "थोडं थोडं बोलत असतील ना?" नाही हो. शून्य.

गेल्या उन्हाळ्यात दुखणं पाठीच्या हाडात उतरलं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तर सगळं गणगोत जागं झालं... "अफूचं औषध! सवय लागेल, झोपेतच जाईल." मीही शहाणा, त्यांचं ऐकलं. तीन आठवडे आई उशी दाताखाली धरून पडून होती आणि गोळ्या कपाटात. शेवटी डॉक्टर मला चक्क ओरडले, "तुमच्या भीतीची शिक्षा त्यांना का देताय? डोस मी ठरवलाय, वेळ मी ठरवलीय. घाबरू नका आणि मनाने काही करू नका, एवढंच." गोळ्या सुरू केल्या आणि दोन दिवसांत आई उठून बसली, चहा मागितला. तीन आठवडे फुकट घालवले, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुढे तिला गिळायला त्रास होऊ लागला म्हणून गोळ्यांऐवजी पट्टी आली. तशाच जातीच्या औषधाची — पातळ, पारदर्शक, खांद्यामागे पाठीवर चिकटवायची, तीन दिवसांनी बदलायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: एका वेळी एकच, कापायची नाही, काढलेली दुमडून लगेच नष्ट करायची, लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. आणि पट्टीवर शेक नाही, गरम पिशवी नाही, उन्हात बसवणं नाही, कारण उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं. मी मान डोलावली. बायकोला सगळं समजावलं.

मग आईची धाकटी बहीण, माझी मावशी, सटाण्याहून आठवडाभर राहायला आली. आम्ही दोघं नोकरीवर, आईजवळ घरचं माणूस, मला केवढं हायसं वाटलं. मी तिला काय सांगितलं? "मावशी, पाठीला पट्टी लावलीय, ती काढू नको." बस्स, एवढंच! मावशीच्या डोक्यात पट्टी म्हणजे कंबर धरल्यावर दुकानातून आणतात ती. आणि कंबरेच्या पट्टीवर वरून शेक दिला की ती चांगली लागू पडते, हे तिच्या पिढीच्या कुठल्याही बाईला विचारा.

ती आल्याचा तिसरा दिवस, मंगळवार. सकाळी सव्वाअकरा. मी वर्कशॉपमध्ये मोटर वाइंडिंगचं प्रॅक्टिकल घेत होतो. ऑफिसातल्या पगारे मॅडम दारात आल्या. त्या नवीन होत्या, माझ्या घरचं त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, "सर, नाना म्हणजे तुम्हीच ना? तुमच्या आईंचा फोन आहे."

मला नाना फक्त घरी म्हणतात. मी चिडूनच ऑफिसात गेलो, कारण तास चालू असताना फोन आलेला मला चालत नाही. लँडलाइनचा रिसिव्हर टेबलावर उलटा ठेवला होता. कानाला लावला.

"नाना, मन्ही पाठ जळी राहिनी रे. घर ये."

मी म्हणालो, "आई, तास चालूये. नंतर बोल ना!" आणि फोन ठेवला.

ऑफिसातून वर्कशॉपपर्यंत मोजून वीसएक पावलं. आठ-दहा चाललो असेन आणि थांबलो. पन्नास वर्षं ऐकलेला आवाज, त्यामुळे फोनवर काही वेगळं वाटलंच नव्हतं... ते आत्ता, व्हरांड्यात डोक्यात शिरलं. मावशीच्या मोबाईलवर फोन लावला, ती उचलेना. मुलांना तसंच सोडून स्कूटर काढली.

मावशीने दार उघडलं, तोंडावर बोट. "हळू बोल. आत्तेच झोपेल शे. किती दिननी झोप लागनी तिले, उठाडू नको."

आई कुशीवर होती. पाठीवर, बरोबर पट्टीवर, खड्याच्या मिठाची पुरचुंडी. शेजारच्या स्टुलावर दुसरी, तव्यावरून नुकतीच उतरवलेली. नऊ वाजल्यापासून आलटून पालटून चाललं होतं म्हणे. मी आईच्या गळ्याच्या भोकापुढे तळहात धरला. गरम वाफ लागली, मग काहीच नाही... मी मोजायला लागलो आणि बारापर्यंत पोहोचलो तेव्हा पुढचा श्वास आला. पापणी उचलली तर बाहुली मोहरीएवढी. ओठ काळसर.

पुरचुंडी फेकली, पट्टी ओढून काढली, अॅम्ब्युलन्सला फोन केला, मग डॉक्टरांना. ते म्हणाले, "हलवत राहा, हाका मारत राहा, गळ्याची वाट मोकळी ठेवा." मावशी कोपऱ्यात रडत होती, "मी ते फक्त शेक दिधा रे! मन्हं काय चुकनं?" मी आईला हलवत होतो आणि मावशीवर ओरडत होतो. ओरडायला हवं होतं ते स्वतःवर.

हॉस्पिटलमध्ये उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत आईने डोळे उघडले आणि वेदनेने पार कळवळली, कारण उतारा औषधाचा आरामही काढून घेतो. दिवस-रात्र देखरेखीखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो."

आता फोनचं. आईचा मोबाईल तिच्या उशाशी, त्यावरून कुठेही कॉल गेलेला नाही. बायकोचा नाही. मावशीचा नाही. बहिणी-बहिणींचे आवाज सारखे असतात म्हणून मी मावशीला शपथ घालून विचारलं. खरं तर तिने हो म्हणावं म्हणून मी तिच्या मागेच लागलो होतो. पण तिच्या मते बहीण सुखाने झोपली होती, ती कशाला फोन करेल? आणि ऑफिसचा नंबर तिच्याकडे नव्हताच. मी लाइन तपासली, जंक्शन बॉक्स उघडून पाहिला. पगारे मॅडम आजही सांगतात, बाई स्वच्छ म्हणाल्या, "नानाले बलाव, मी त्यानी माय." मॅडमनीही ऐकलं, मीही ऐकलं. फॉल्ट सापडत नाही. वर्ष होत आलं, मला तो सापडत नाही.

आणि वैताग याचा की लोकांना फक्त फोनच ऐकायचा असतो! नातेवाईक म्हणाले, घरावरून उतारा टाका. अरे, उतारा झाला, तो डॉक्टरांनी शिरेतून दिला! एकानेही पट्टीचं नीट विचारलं नाही. उलट दोघांनी सल्ला दिला, "बंदच करा ते औषध." म्हणजे आईने पुन्हा उशी चावत पडायचं का? पट्टी अजून चालू आहे, डॉक्टरांच्या डोसने, आणि आई दुपारी गॅलरीत सावलीला बसून भाजी निवडते. घरात कोणीही राहायला आलं की मी आधी त्याला समोर बसवून सगळ्या सूचना वाचून दाखवतो, मग पाणी देतो. लोक हसतात. हसू देत.

आईला फोनचं सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी मावशीने सांगितलं. आईने मला टाळी वाजवून बोलावलं आणि वही पुढे केली. लिहिलं होतं, "मी काय बोलनू?"

मी सांगितलं, जसंच्या तसं. तिने बराच वेळ गळ्याला हात लावून ठेवला. तिला काही आठवत नव्हतं. मग खाली अजून एक ओळ लिहिली.

"मंग तू काय बोलना?"

मी म्हणालो, "लगेच निघतो म्हणालो, आई."