वरच्या खोलीतला साहेब आणि माझा भात

माझा भात परत पाठवणारा माणूस तंजावुरात मी तोवर पाहिला नव्हता. साठ सालानंतरची गोष्ट. राजवाड्यामागच्या आमच्या घरातली वरची खोली एका अमेरिकन साहेबाला दिली होती. तो गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाताचं पीक वाढवायला शिकवायचा. जेवण आमच्याकडेच. सांबार चाटूनपुसून खायचा, रसम प्यायचा, पण भाताला बोट लावील तर शपथ! बाजारचा पाव चावत बसायचा. दिवसभर भाताच्या चिखलात उभं राहायचं आणि घरी येऊन पाव! माझं डोकंच फिरलं.

"अगं, सवय नसेल त्याला," आमचे हे म्हणाले. शाळामास्तर ते, सगळ्यांना पास करायचे.

"मग लावून घेऊ दे. माझ्या हातचा भात खाल्ल्याशिवाय मी त्याला इथून जाऊ द्यायची नाही."

एका रविवारी सकाळी मी दारापुढल्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, सूप घेऊन तांदूळ निवडत होते. साहेब जिना उतरून आला आणि ओट्यापाशीच थबकला. मी खडा काढून टाकला, मग एक किडा काढून टाकला. तो टक लावून बघत होता.

"काय बघताय? एवढा निवडून घालते, तरी गोड लागत नाही तुम्हांला?" मी तमिळमध्येच झाडलं. कामापुरती तमिळ त्याला येत होती.

"रोज निवडता? माझ्यासाठीसुद्धा?"

"मग? तुमचे खडे वेगळे ठेवते की काय?"

तो हसला. त्याचा सोन्याचा दात दिसला. मग समोर मांडी घालून बसला आणि अडखळत सांगू लागला. लढाईत जपान्यांनी त्याला धरलं होतं. तीन वर्षं ब्रह्मदेशाच्या रानात रेल्वेचे रूळ टाकायला लावले. खायला मूठभर भात, अळ्यांसकट.

"अळ्या काढत नव्हतो. काढल्या तर उरणार काय? एकदा मी विचारलं, अजून आहे का." त्यानं सोन्याच्या दातावर बोट ठेवलं. "तेव्हा इथला दात गेला."

अय्यो! महिनाभर मी ह्या माणसावर धुसफुसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नका खाऊ भात. मी पोळ्या करीन. लाटता येत नाहीत धड, पण करीन."

त्यानं सूप ओढून घेतलं आणि त्या जाडजूड बोटांनी एकेक दाणा निवडू लागला. मापभर तांदळाला साहेबानं अख्खी सकाळ घेतली, आणि मी एकदाही घाई केली नाही.

दुपारी तोच भात वाढला. वर तूप, रसम. पहिला घास त्यानं बराच वेळ चावला. पान स्वच्छ झालं. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "अजून आहे?"

"आहे की!" मी पातेलंच उचलून त्याच्यापुढे धरलं. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "पुरे." घेतला काहीच नाही.

पुढे दोन वर्षं हेच. पोट भरलं की विचारायचा, मी पातेलं दाखवायची, मग उठायचा. पातेलं रिकामं दिसू नये म्हणून मी वाटीभर तांदूळ जास्तच टाकायची.

तो मायदेशी निघाला त्या दिवशी मी तांदूळ-मुगाचा पोंगल केला होता. दोनदा वाढून घेतला. ह्यांच्याशी गप्पा मारत पान मिटलं आणि हात धुवायला निघून गेला. मी पातेलं हातात धरून तिथंच उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं, जाणारच होता तो. रडतेस काय?" हे म्हणाले.

"त्यासाठी नाही हो," मी म्हटलं. "विचारायला विसरला तो."