पोहे खाऊन पसंत केलेली वेबसाइट

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच सांगते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलेच नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या ह्यांची दिल्लीच्या पहाडगंजात छोटीशी यात्रा कंपनी होती. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हरिद्वार, मथुरा दाखवायचं, आणि इकडच्या लोकांना कोकणात न्यायचं. आम्ही तेव्हा गुरगावला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. खिडकीतून एका बाजूला मोहरीचं शेत आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती दिसत. त्यातल्याच एका इमारतीत मुलगा नोकरीला होता. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, आता लोक पत्र टाकून चौकशी करत नाहीत. आपली वेबसाइट पाहिजे. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत. आणि तिच्यावरचं आपलं आपल्याला बदलता आलं पाहिजे."

त्यासाठी एक सॉफ्टवेअर निवडावं लागतं. त्याला सीएमएस म्हणतात. मला ती एखादी सरकारी परीक्षाच वाटली होती.

पैशांचा विषय निघाला तेव्हा ह्यांनी माझ्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. फ्लॅट घेताना माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, त्या पुन्हा करायला मी साड्यांना फॉल-पिको करून पैसे साठवत होते.

"उसने दे," हे म्हणाले. "सगळे परत करीन."

"पाटल्याही परतच येणार होत्या," मी म्हटलं.

मुलगा ताटात बघून हसला. मी डबा दिला.

मग सॉफ्टवेअर दाखवायला माणसं घरी यायला लागली. रविवारची सकाळ, आलेला माणूस सोफ्यावर, समोर हे आणि मुलगा, आणि आत मी पोहे परतते आहे. मुलगी बघायला आल्यासारखंच सगळं.

दोन स्थळं शेवटपर्यंत टिकली. एक मुलगी रोहतकची होती. तिने बसल्याबसल्या विचारायला सुरुवात केली. यात्रांचे भाव वर्षातून किती वेळा बदलतात, बदलणार कोण, मराठी पानावर तेच लिहायचं की वेगळं. तिचा उपास होता, पोह्यांना हातही लावला नाही. हे तिला म्हणाले, "बताते हैं।" आपल्याकडे 'कळवतो' म्हणतात ना, तसंच.

दुसरा मुलगा मराठी निघाला. गुरगावात मराठी माणूस भेटला की ह्यांना गावच्या जत्रेत हरवलेला भाऊ भेटल्यासारखं होतं. "मूळ गाव कोणतं? इकडे कोण असतं? जेवणाचं काय करता?" ह्यांनी सगळं विचारलं, फक्त सॉफ्टवेअरचं सोडून. आमच्या मुलाने एकच प्रश्न विचारला, "एका भाषेत भाव बदलला तर बाकीच्या दोन भाषांत बदलतो का?"

"होऊन जाईल, काका," तो पाहुणा ह्यांच्याकडे बघून म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "काकू, दिल्लीत असे पोहे खाल्ले नाहीत हो! या, कॉम्प्युटरवर तुम्ही पण करून बघा." मी लाजून आत पळाले. त्याने आणखी एक ताटली खाल्ली आणि डब्यातले निम्मे पैसे आगाऊ घेऊन गेला. राहिलेले काम झाल्यावर नेले.

वेबसाइट दिसायला छान होती. मराठीतलं जे पान तयार नसेल तिथे आपोआप इंग्रजी उघडायचं, पण हे म्हणायचे, "अच्छा आहे की, लोकांचं इंग्रजी सुधारेल."

मग हरिद्वारची बस निघाली. मेरठच्या पुढे चहाला थांबली, आणि लोकांनी आपसात भाव विचारले. मराठी पान बघून आलेल्यांनी नवा भाव भरला होता, हिंदीवाल्यांनी जुना, आणि इंग्रजी बघून आलेल्या एका जोडप्याने त्याच्याही आधीचा. बस तीच, आचारी तोच, पिठलंही तेच. आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ ह्यांना म्हणाले, "साहेब, मराठी वाचता येण्याचा दंड घेता का?" ज्यांनी जास्त भरले होते त्यांना ह्यांनी फरक परत केला. तो सीझन त्यातच गेला. मराठी मुलगा तोवर नोकरी बदलून बंगलोरला गेला होता. फोनवर फार गोड बोलायचा. "बघतो, काका."

माझ्या डब्याचं नाव घरात कुणी काढेना. मीही काढलं नाही, पण डबा मुद्दाम ओट्यावर, ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायला लागले.

शेवटी ह्यांनी रोहतकच्या मुलीला फोन केला. नकार दिलेल्या स्थळाकडे परत जाताना माणूस जसा खोकतो, तसे खोकत होते. ती आली आणि म्हणाली, "अंकल जी, आपने कहा था बताएँगे। बड़ा सोचकर बताया।" सॉफ्टवेअर फुकटच मिळतं, पैसे फक्त मेहनतीचे, तेही सीझन झाल्यावर द्या, असं तिने सांगितलं. भाव एकाच जागी लिहायचा, तो तिन्ही पानांवर जातो. मराठी पानावर जेवणाचं सविस्तर लिहा, इंग्रजीवर बाथरूमचं. "पर भाव बदलेगा कौन?"

हे पहाडगंजला असायचे, मुलगा ऑफिसात. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"पोहे बाद में, आंटी जी। आज व्रत नहीं है, कहीं नहीं जा रही।"

तिने मला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं. एका बोटाने आकडे शोधत मी हरिद्वारचा भाव लिहिला. तिन्ही पानांवर तो एकदम बदलला, तेव्हा मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं, कुणी रागावतंय का.

तेव्हापासून दुपारी ते काम माझ्याकडे आलं. एकदा मथुरेच्या भावात मी एक शून्य कमी घातलं. हे घरी येऊन हात जोडत म्हणाले, "अन्नछत्र कधी उघडलंस?"

"डब्यातून वजा करा," मी म्हटलं. कारण तोवर डबा भरायला लागला होता. सीझन संपला की हे थोडे पैसे आणून त्यात टाकायचे, कधी नुसते, कधी "घे सावकारीणबाई" म्हणत.

एका दिवाळीच्या आधी त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावून माझ्यापुढे ठेवलं. "हे शेवटचे. मोजून घे."

"मी काय परकी आहे?" मी म्हटलं.

हे आंघोळीला गेल्यावर मोजले. पुरते होते.