आठची वेळ

आमच्या गावात फोन लावायचा तर टेकाड चढावं लागतं. सिद्धगडाच्या डोंगराने टॉवरकडची बाजू पार अडवून टाकली आहे, त्यामुळे घरात मोबाईल असून नसल्यासारखा. टेकाडाच्या माथ्यावर एक सपाट दगड आहे. त्याच्यावर उभं राहिलं की आवाज नीट येतो. ज्या घरातलं पोर बाहेरगावी आहे, त्या घराची दगडावरची वेळ ठरलेली. कुणाची सहाची, कुणाची साडेसातची. आमची आठची. दुसऱ्याच्या वेळेला दगडावर चढणं गावात चोरीइतकंच वाईट समजतात.

माझी मुलगी जम्मूकडे शेतकी शिकायला गेली होती. एवढ्या लांब कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, मला तिचा अभिमान फार. सरहद्द तिथून किती लांब आहे हे मी नकाशात पाहिलं होतं, पण तेव्हा ते अंतर मला पुरेसं वाटलं होतं.

मे महिन्यात पलीकडून मारा सुरू झाला तेव्हा तेच अंतर बोटाच्या पेराएवढं वाटायला लागलं. आम्ही दुपारी शेतात राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, शेण आणि झाडांचा टहाळ पसरत होतो. शेजारचा बांधावरून ओरडला, "मास्तर, टीव्ही लावा, तिकडं ड्रोन पडतायत." माझ्या हातातली शेणाची पाटी तिथंच राहिली. हातपाय गळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तोवर वर्गात मुलांना नुसता वाक्यात उपयोग करायला सांगायचो.

त्या रात्री आठला फोन लागला. तिचा आवाज नेहमीसारखा. होस्टेलचे सगळे दिवे बंद आहेत म्हणाली. भोंगा वाजला की सगळ्या मुलींनी मेसच्या खालच्या कोठारात जाऊन बसायचं, पोती आहेत तिथं, जाड भिंती आहेत.

मी लगेच शाळा सुरू केली. खिडकीपासून लांब बस. भिंतीला पाठ लाव. कानावर हात ठेव आणि तोंड थोडं उघडं ठेव. हे सगळं मी आपत्तीच्या तासाला मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, बाकाखाली बसवून, शिट्टी वाजवून. आणि शेवटी म्हणालो, "आणि हे बघ, आठला फोन उचलायचाच. नायतर आमचा इकडं जीव जाईल."

"उचलीन बाबा," ती म्हणाली. "तुमी काळजी नका करू. मला नाय भीती वाटत."

"मला तरी कुठं वाटते?" मी म्हणालो, आणि दगडावरून उतरताना मला दोनदा खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गावातही दिवे बंद ठेवायचा निरोप फिरला. सरकारी हुकूम होता की कुणाच्या मोबाईलवरची आवई, देव जाणे. पण अंधार पडल्यावर खरंच एकाही घरात दिवा लागला नाही. मी बॅटरी घेऊन टेकाड चढायला लागलो तर खालून आरोळी आली, "मास्तर, बत्ती विझवा! वरून दिसंल ना!" एरवी मी हसलो असतो. आमच्या टेकाडावर बॉम्ब टाकायला कोण कशाला येईल? पण मी बॅटरी विझवली आणि चाचपडत, सागाच्या वाळक्या पानांवरून घसरत वर गेलो. भीतीला हसता येत नाही. ती आधी आत येते आणि मग माणूस तिला कारणं शोधत बसतो.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. फोनमध्ये वारा होता. बंद कोठारात वारा कुठून आला, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. ती जेवणाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि मागे धडाधड आवाज झाले. एक, मग लागोपाठ दोन.

"काय वाजलं गो?"

"फटाके, बाबा. लग्न हाय इथं."

अशा दिवसांत कोण लग्नाचे फटाके वाजवणार! मी तोंड उघडलं आणि फोन तुटला. मी पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी तीच बाई सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. मी त्या दगडावर उभा राहून मोठमोठ्याने तिला हाका मारल्या, फोनमध्ये नव्हे, नुसत्या उत्तरेकडे तोंड करून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको मला शोधत वर आली आणि हाताला धरून खाली घेऊन गेली.

उजाडल्याबरोबर पुन्हा दगड गाठला. फोन तिच्या मैत्रिणीने उचलला. ती हिंदीत बोलत होती. मुलगी सुखरूप आहे, रात्रभर जागी होती, आता झोपली आहे म्हणाली. मी देवाचं नाव घेतोय तोवर तीच पुढे म्हणाली, काका, एक सांगू का, रागावू नका. तिला आठला फोन करू नका. कोठारात रेंज नाही. आम्ही सगळ्या खाली बसतो आणि ती आठ वाजले की वर गच्चीवर पळते. वॉर्डनबाई ओरडून थकल्या. काल मागच्या भिंतीपलीकडे ड्रोनचे जळते तुकडे पडले, तेव्हा ती गच्चीतच होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तिला भिंतीला पाठ लावायला शिकवत होतो आणि मीच तिला उघड्या आभाळाखाली बोलावत होतो. दोन्ही रात्री, वेळ ठरवून.

मी तिला उठवायला सांगितलं. "गच्चीवर कशाला गेलीस?" मी ओरडलो. माझा स्वभाव असाच, भीती वाटली की आवाज चढतो.

"तुमी दगडावर उभे असाल ना, बाबा. गुडघा दुखत असताना चढून आलेले."

"अगं पण दुसरीकडं कुठं लागत नव्हता का फोन? कोठाराच्या दारात? जिन्यात?"

ती म्हणाली, "लागतो. कोठाराच्या दारातबी लागतो. मैत्रिणी तिथूनच करतात. पण घरी फोन करायचा म्हटलं की माझे पाय आपोआप वरच जातात."

ती चार वर्षांची होती तेव्हापासून मी तिला खांद्यावर घेऊन त्या टेकाडावर जात होतो, तिच्या मामाशी बोलायला. वर गेल्याशिवाय माणसाचा आवाज येत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

"आज आठला मी फोन करणार नाय," मी म्हणालो. "दगडावर येणारबी नाय. तू खालीच ऱ्हायचं. दारातबी यायचं नाय. उद्या उजाडलं की बोलू."

"नक्की येणार नाय ना? नायतर तुमी उभे असाल नि मी..."

"नाय येणार. तुझ्या आईची शपथ."

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती भडकली. तिचंही चूक नव्हतं. दिवसभर तिनेही अन्नाला हात लावला नव्हता. "काल तिकडं आग पडली नि आज तुमी इचारणारबी नाय? कसला बाप तुमी!" साडेसातवाला दगडावरून उतरून आमच्या दारावरून गेला. "मास्तर, दगड मोकळा हाय," अंधारातून त्याने सांगितलं. मोबाईल मी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला आणि डब्यावर बसलो. साठी ओलांडलेला माणूस डब्यावर बसून राहिला होता.

आठ वाजले. त्या घटकेला मला वाटलं, ती आत्ता मरत असेल आणि मला कळणार नाही. बायको उठून दारापर्यंत गेली, परत आली, आणि माझ्या शेजारी डब्याला टेकून बसली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सकाळी तिथं वळ होता. आम्ही रात्रभर असेच होतो. टीव्ही लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

फटफटलं तसा मी डब्यातून फोन काढला. टेकाड कसं चढलो ते आठवत नाही. सहा वेळा रिंग वाजली. सातव्यांदा तिने उचलला.

"खालीच होते, बाबा," ती म्हणाली. "भोंगा वाजल्यापासून उजाडेस्तोवर. हललेबी नाय."

"बरं केलंस."

"पण आठला लय भीती वाटली. आधी वर जाऊन तुमचा आवाज ऐकला की कमी व्हायची. काल कायच नव्हतं." आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देऊन.

तिला धीर द्यायला माझ्याकडे पुष्कळ वाक्यं होती. मास्तरांकडे असतातच. पण त्या सकाळी मी ती सगळी बाजूला ठेवली.

"मीपण लय घाबरलो होतो, गो," मी म्हणालो. "अजून घाबरलेलो हाय."

आयुष्यात मी हे तिला पहिल्यांदा सांगितलं. ती रडायची थांबली, आणि मग माझं रडणं सुरू झालं.