वहीत मेलेले मामा

माझे सासरे वारल्याची बातमी मला त्यांच्याच शेजारी उभा असताना कळली.

निजामाच्या अमलातली गोष्ट. चौसाळ्याजवळच्या आमच्या वाडीत कुडाच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर होतं आणि मी तिथला मास्तर. दर रविवारी शास्त्र वाचायचं, गाणी म्हणायची (सूर देवानं सांभाळून घ्यायचे!) आणि सभासदांची वही ठेवायची. एके दिवशी पाद्रीसाहेबांचा निरोप आला, "वीस सभासद नसतील तर तुमचं प्रार्थनाघर बंद. चार कोसांवरच्या वाडीत जावं." मी वहीतली नावं मोजली. एकोणीस! परत मोजली. एकोणीसच!

चार कोस कोण चालणार? आमची म्हातारी मंडळी वेशीपर्यंत जाताना तीनदा बसायची! मला घास गोड लागेना.

तेवढ्यात सासरे, म्हणजे लुकासमामा, नेकनूरकडून बैल बघायला आले आणि लेकीकडे उतरले. मी टाक उचलला आणि विसावं नाव लिहिलं, लुकास मारुती. वर प्रामाणिकपणे त्यांचं गावही घातलं! (खोटं करावं तर नीट करावं, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. आताही नाही.)

"मामा, रविवारी नाव पुकारलं की नुसतं 'हजर' म्हना."

"कावून?"

"देवाचं काम हाय."

"मंग म्हनतो की!"

रविवारी पाद्रीसाहेब आले. एकेक नाव घेत विसाव्यावर पोचले.

"लुकास मारुती?"

"हजर!" मामा असे गरजले की दारातली शेळी पळाली.

साहेबांनी गावाचं नाव वाचलं, चष्मा पुसला आणि पिशवीतून मामांच्या गावची वही काढली.

"हे तर तिथे मयत आहेत! कालच आम्ही यांच्यासाठी प्रार्थना केली."

बायकांच्या बाजूनं माझ्या बायकोनं, मार्थानं, हंबरडा फोडला, "माजा बाबा गेला वं!" तिच्या मागोमाग साऱ्याजणी सुरू!

"बाई, ते समोर उभे आहेत!" साहेब ओरडले.

"पर तुमच्या वहीत हाय न्हवं? ती खोटी कशी असंल?"

मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, मी कवा मेलो?"

भानगड अशी होती की मामा सहा महिने प्रार्थनेला फिरकले नव्हते. दर रविवारी 'गैरहजर' लिहून कंटाळलेल्या तिथल्या मास्तरानं एकदाचं 'मयत' लिहून टाकलं होतं!

"का जात नव्हतात?" साहेबांनी विचारलं.

"तो मास्तर लई बेसूर गातो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी त्याच्यापरीस बरे. जरासे."

मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. साहेबांनी तिथल्या वहीत मामांना जिवंत केलं आणि आमच्या वहीतून खोडलं.

"म्हणजे एकोणीस," ते म्हणाले.

तेवढ्यात मार्था डोळे पुसत उठली. "साहेब, समदे 'हजर' म्हनाले. पर ह्यांनी कुटं म्हटलं?" आणि माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी वही पहिल्यापासून चाळली. माझं नाव कुठेच नव्हतं! वाळवीनं खाल्लेली जुनी वही मीच नव्या वहीत उतरवली होती. सगळ्यांना उतरवलं आणि स्वतःला विसरलो!

साहेबांनी माझ्याच टाकानं विसावं नाव लिहिलं. प्रार्थनाघर वाचलं. मागून मामांचा आवाज आला, "माजं मेलेलं का हुईना, नाव तरी व्हतं. जावईबापू, तुमी तर जल्मलाच न्हवता!"