चार रबरं आणि शनिवारचं तेल

"सर, विमानानं मान टाकली!"

सकाळी सकाळी प्रल्हादरावांचा फोन. हातातला चहा तसाच ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

प्रल्हादराव चिखलीजवळचे शेतकरी. वांगी-टमाटे पिकवतात, गावाचे पंप दुरुस्त करतात आणि चार वर्षांपासून शेडमध्ये विमान बांधतात. किट विमान. म्हणजे सुटे भाग पेट्यांतून येतात, जोडायचे आपण. दोन माणसांचं, अजून एकदाही न उडालेलं. मी विमानांच्या इंजिनांत आयुष्य घालवून रिटायर झालेला माणूस, म्हणून त्यांचा हक्काचा सल्लागार.

दहा दिवसांनी इन्स्पेक्टर येणार होते. इंजिन चालवून बघून त्यांनी सही केली, तरच उड्डाणाच्या परवानगीचं काम पुढे सरकणार. नाहीतर शेड विमलताईंची. या प्रल्हादरावांच्या बायको. त्यांनी स्पष्ट बजावलं होतं, "यंदा सही नाही झाली तं पंख काढा अन् भंगारात द्या. माहं सोयाबीन किती वर्षं ताडपत्रीखाली ठेवू?" त्यांचंही काही चूक नव्हतं.

शेडमध्ये गेलो. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं टोक इंजिनाच्या झाकणाच्या रेषेत हवं, ते बोटभर खाली आलेलं. इंजिन चालू करायला लावलं तर समोरच्या मीटरचे काटे असे थरथरले, की एकही वाचता येईना. मी लगेच बंद करायला सांगितलं.

इंजिन विमानाला थेट आवळत नाहीत. पुढे स्टीलच्या पाइपांचा सांगाडा असतो. तो आणि इंजिन यांच्यामध्ये चार रबरं बसवतात. त्यांना माउंट म्हणतात. इंजिनाचं वजन पेलायचं आणि थरथर पिऊन टाकायची, हे त्यांचं काम. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर चारही रबरं फुगलेली. बोटानं दाबलं तर ठसा तसाच राहिला. बोट नाकाशी नेलं. शेंगदाण्याचं तेल!

"हे रबर आहे की भजी?" माझा पारा चढला. "कोण्या अकलेच्या कांद्यानं यावर तेल ओतलं? नॅचरल रबराला तेल म्हणजे विष!"

प्रल्हादराव पत्र्याकडे बघायला लागले. विमलताई पुढे आल्या.

"मीच घालते. दर शनिवारी. चमचा चमचा."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत ओरडलो.

"मारुतीले नाई घालत का आपण? हे बी हवेतलंच हाय न."

मी कपाळावर हात मारला आणि चांगलं पाव तास लेक्चर दिलं. प्रल्हादराव सारखे खाकरत होते. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, पण मी भरात होतो.

मग नवी रबरं निवडायची वेळ आली. लेथवाले सलीमभाई जीपची रबरं घेऊन हजर. "साहेब, एकदम कडक माल. जीप घाट चढते, पण हे जागचं हलत नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं. रबर फार कडक असलं, की थरथर सरळ सांगाड्यात उतरते आणि वेल्डिंगला तडे जातात. फार नरम असलं, की इंजिन झुलतं. जीप बिघडली तर बाजूला लावता येते. वर बाजू कुठून आणायची? सलीमभाईंना पटलं.

बंगळुरूच्या सप्लायरकडे या इंजिनाला चालणारे दोन प्रकार होते. एक नॅचरल रबर, थरथर उत्तम पिणारं. दुसरं सिंथेटिक, थोडं कडक, पण तेलाला दाद न देणारं. मी वहीत नॅचरल लिहिलं. "ताई, आता तेल बंद म्हणजे बंद. शब्द द्या."

"मी करीन बंद," ताई म्हणाल्या. "पण यंदा दसऱ्याले तुमाले बोलवाचं का नाई, ते सांगा."

"माझा काय संबंध?"

"विमल, राहू दे न," प्रल्हादराव म्हणाले.

ताईंनी घरातून फ्रेम केलेला फोटो आणला. मागच्या दसऱ्याचा. यंत्रपूजेला प्रमुख पाहुणा मी. अंगावर शाल, काखेत नारळ, एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. चमचा थेट पुढच्या रबरावर उपडा आणि माझे डोळे कॅमेऱ्याकडे. चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्यासारखं हसू.

"येवढ्या मोठ्या इंजिनिअरनं घातलं, म्हून मले वाटलं याले तेल लागते," ताई म्हणाल्या. "म्या फक्त चालू ठेवलं."

"अहो, मग तेव्हाच माझा हात का नाही धरला?" मी प्रल्हादरावांना विचारलं.

"पाहुण्याचा हात कसा धराव सर? अन् मले वाटलं, काई टेक्निकल असन."

माझे कान तापले. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. "ताई, चुकलं माझं. अकलेचा कांदा मीच."

"कांदा ठेवाले बी शेडच लागते सर," ताई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

मी वहीतलं नॅचरल खोडलं आणि सिंथेटिक लिहिलं. दसरा दर वर्षी येतो, आणि माझा मला भरवसा राहिला नव्हता.

रबरं आठवड्यात आली. इंजिन चेन-पुलीवर तोलून एकेक बदललं. सांगाडा धुऊन तपासला, तडा नव्हता. विमानाची मान सरळ झाली. काटे थोडे हलत होते, पण वाचता येत होते.

इन्स्पेक्टरांनी इंजिन चालवलं, वाकून बघितलं आणि नेमकं विचारलं, "नॅचरल रबर का नाही घेतलं? जास्त स्मूद चाललं असतं."

उष्णता, ऑइल लीक, काहीही सांगता आलं असतं. पण ताई दारात उभ्या होत्या. मी खरं ते सगळं सांगितलं.

इन्स्पेक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "फोटो आहे?"

ताईंनी तयारच ठेवला होता. इन्स्पेक्टरांनी तो बराच वेळ बघितला, मग सही केली. "फाइलला जोडू का?"

"नको," मी म्हटलं.

प्रल्हादरावांनी सोयाबीनसाठी शेडला लागून पत्र्याचा आडोसा काढून दिला. मी एवढंच शिकलो, की बिघाड कोणी केला हे ओरडून विचारण्याआधी भिंतीवरचे फोटो बघून घ्यावेत.

यंदाही दसऱ्याला मला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, झेंडूची फुलं दिली. तेलाची वाटी ताईंनी आरती संपेपर्यंत पदराखाली धरून ठेवली.