पहिल्यापासून म्हण

निगडीला आमच्या घरी रोज संध्याकाळी काही मुले स्तोत्रे पाठ करायला येतात. गेल्या वर्षी त्यांत थेरगावची एक मुलगी आली. रक्ताच्या कर्करोगातून ती बरी झाली होती. उपचारांत शाळेची दोन वर्षे गेली आणि पाठांतर मनात टिकेनासे झाले. दहावीत जायचे ते स्वतःच्या गुणांनी, एवढाच तिचा हट्ट होता. तो सोडून बाकी सारे तिला द्यायला शाळा तयार होती. तिचा शाल-श्रीफळाने सत्कार झाला आणि तिने कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांनाही गुण मिळाले.

शाळेच्या या भाबडेपणाला मी मनोमन हसत असे. माझा नियम माझ्या गुरूंकडून आलेला: म्हणताना एक चरण चुकला की स्तोत्र पहिल्यापासून. माझ्या मुलालाही त्यातून सूट नव्हती. या मुलीने मात्र चरणच्या चरण गाळला तरी मी डोळे मिटून 'छान' म्हणे. करुणा हा ईश्वराचा गुण. त्याचा अंश आपल्यातही उतरला, याचे मला समाधान वाटे.

एकदा बाकीची मुले गेल्यावरही ती बसून राहिली.

"गुरुजी, त्या पुढच्या मुलीला चारदा मागं पाठवलंत. मला न्हाई."

तू आजारी होतीस, असे मी समजावू लागलो.

"व्हते. आता बरी हाय. देवानं बरं केलं, असं तुमीच सांगता सगळ्यांना. मग तुमचाच इश्वास न्हाई व्हय?"

साठ वर्षांच्या पूजेत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी आसनावर नीट बसलो आणि म्हणालो, "पहिल्यापासून म्हण."

ती सहा वेळा चुकली. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तिचे वडील न्यायला आले होते. राहू द्या की गुरुजी, असे ते दारातून म्हणाले. तिने त्यांच्याकडे न पाहताच हाताने थांबवले. सातव्या खेपेस ती शेवटच्या श्लोकापर्यंत पोहोचली आणि तिथे अडली. माझ्या ओठांवर 'छान' आलेच होते. पण मी तोंड उघडण्याआधीच तिने पुन्हा पहिला चरण उचलला.

माझ्या सायंसंध्येची वेळ टळून गेली होती. वडिलांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि ते पायरीवर बसले.